वाऱ्याच्या बाजूला थांब, म्हणाली होतीस

सुनंदा, तू गेल्यानंतर घरात पहिल्यांदा कोणी खोकलं ते परवा. अनघा खोकली. पाणी पिताना ठसका लागला होता, एवढंच. पण माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं आणि मी धावत तिच्या खोलीत गेलो, तिच्या पाठीला कान लावून उभा राहिलो. "डॅड, स्टॉप इट. पाणी राँग साइडला गेलं, दॅट्स ऑल," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून माझीच पाठ थोपटायला लागली. पंधरा वर्षांची मुलगी बापाची पाठ थोपटतेय, हे बघायला तू हवी होतीस. खरं तर नकोच होतीस.

आज तेवीस दिवस झाले. बेकर्सफील्डहून कुंदाकाकू येऊन गेल्या, वरणभात करून फ्रीझरमध्ये भरून ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, "दुःख आहे हो, हळूहळू कमी होतं." मी मान हलवली. पण मला जे होतंय ते दुःख आहे की नाही, तेच कळत नाही. मला भीती वाटतेय. दार वाजलं की वाटते, फोन वाजला की वाटते. वारा सुटला आणि खिडकीच्या फटीतून बारीक धूळ आत आली, की मी ओला टॉवेल घेऊन फटी बुजवत फिरतो. तेहाचापीसारख्या डोंगरी गावात वारा सुटणार नाही असा दिवस कुठून आणायचा?

घरातला भित्रा मीच, हे काही नवीन नाही. ट्रॉयला, अमेरिकेतल्या आपल्या पहिल्या गावी असताना, पहिल्या बर्फात मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून दोन तास बसून राहिलो होतो. तू बसने घरी पोचलीस आणि शेजाऱ्यांची गाडी घेऊन मला न्यायला आलीस. "उतरा आता, भागूबाई," म्हणालीस. सांगलीत 'अहो' म्हणायचीस, अमेरिकेत तिसऱ्या महिन्यात त्याचं 'अरे' झालं, पण चिडवायचं असलं की पुन्हा 'अहो'वर यायचीस. मला ते आवडायचं, हे कधी बोललो नाही.

ट्रॉयला तू मोटारींचे फायबरग्लासचे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतीस. पत्र्यासारखा दिसणारा तो भाग हातात घ्यायचीस, एका नाण्याने टकटक करत पुढे सरकायचीस. आवाज बद्द आला की तिथे आत पोकळी. मशीनपेक्षा तुझा कान बरा, असं तुझा फोरमन म्हणायचा. मग मोटारींची मंदी आली आणि तुझ्यासकट अर्धी पाळी घरी बसली. दोन महिन्यांनी तू वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्या पानाशेजारी ठेवलीस. कॅलिफोर्नियात डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहतायत, त्यांची पाती फायबरग्लासची, तपासायला माणसं हवीत.

"पवनचक्क्या?" मी विचारलं. "म्हणजे विहिरीवरच्या?"

"विजेच्या. डेन्मार्कहून येतायत. शेतीची अवजारं करणारे लोक आता ह्या करतायत. तू तर फार्मसिस्ट. तुला कुठेही नोकरी मिळेल."

मला वाटलं, तू खाली, गोदामात, टेबलावर ठेवलेली पाती तपासशील. तू शिडी चढणार आहेस हे मला तिथे पोचल्यावर कळलं. सात मजली इमारतीएवढा पोलादी खांब, आतून सरळ उभी शिडी, वर खोक्याएवढी जागा. त्या जागेला तुम्ही सगळे 'डोकं' म्हणायचात. त्या डोक्याबाहेर लटकून तू पात्याच्या मुळाशी टकटक करणार होतीस. पहिल्या दिवशी तू वर असताना मी गाडीत डोळे मिटून बसलो. तू खाली आलीस, तोंडभर धूळ आणि हसू. "श्री, वरून पार मोहावेचं वाळवंट दिसतं रे!"

तिथेच येन्स भेटला. डॅनिश मेकॅनिक, लांबलचक, पांढऱ्या भुवयांचा, रविवारी आपल्याकडे जेवायला यायचा आणि आमटी सूपसारखी वाटीने प्यायचा. त्याने सांगितलेली एक गोष्ट तुझ्या मनातून कधी गेली नाही. त्र्याहत्तरच्या तेलटंचाईत त्याच्या देशात रविवारी मोटारी बंद ठेवल्या होत्या. तो आणि त्याची बहीण हमरस्त्याच्या मधोमध चालत आजीकडे गेले होते. मजा वाटली, म्हणाला, पण आजीच्या घरी पोचलो तर ती अंगावर दोन कोट घालून अंधारात बसलेली. "वी हॅड नथिंग," तो म्हणाला. "तेल सगळं बाहेरचं. आमचं काय, तर वारा."

त्या रात्रीपासून आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायचो, वाऱ्यावर देश चालतो का? वारा पडला की काय करतील, हात जोडून बसतील? तू म्हणायचीस, समुद्राखालून केबल टाकलीय त्यांनी नॉर्वेपर्यंत. नॉर्वेत धरणं आहेत. वारा असेल तेव्हा धरणातलं पाणी राखायचं, वारा पडला की सोडायचं. "आपलं कोयना कसं, तसं," म्हणायचीस. मी विचारायचो, शेजारी उद्या रुसला तर? दुष्काळ पडला तर? आणि हजारो चक्क्या लागतील, त्या कुठे उभ्या करणार, कोणाच्या शेतात? तू म्हणायचीस, "ते त्यांना ठरवू दे. मला एवढंच माहीत आहे, की मशीन टिकलं पाहिजे. टिकलं नाही तर पुढचं काहीच नाही."

आणि ते टिकत नव्हतं. म्हणूनच तर तुझी गरज होती. डेन्मार्कच्या पावसात, मऊ वाऱ्यात जी मशीन नीट चालली ती आपल्या डोंगरावर आली आणि भेगाळायला लागली. तू भेग शोधायचीस, तिचं चित्र काढायचीस, टेलेक्सवर मजकूर पाठवायचीस. तीन-चार महिन्यांनी नवीन पाती यायची, मुळाशी जरा जाड. तू ती हातात धरून मला दाखवायचीस. "बघ, इथे जाड केलंय. माझ्या सांगण्यावरून." युरोपातला कुठला तरी गाव उद्या ह्या जाड पात्यावर दिवे लावेल, ह्याचा तुला केवढा आनंद! मी एकदा फार वाईट बोललो. "त्यांच्या दिव्यांसाठी तू का जीव घालवायचास? त्यांना शिकायचं तर त्यांच्या माणसांवर शिकू दे." तू उठून भांडी घासायला लागलीस. त्या वाक्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. आज मागतो.

आता त्या दिवसाबद्दल.

तुझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी तुला न्यायला डोंगरावर आलो होतो. दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. वारा एवढा की गाडीचं दार उघडेना. तेवढ्यात डोंगरावरून खाली जाणारी विजेची लाइन तुटली. मला काहीच समजलं नाही, मला फक्त आवाज बदललेला ऐकू आला. तूच नंतर समजावलंस: लाइनवर भार असतो तोवर पाती आवरलेली असतात, भार गेला की ती मोकाट सुटतात, मग ब्रेकने थांबवायची. सगळ्या चक्क्या थांबल्या. एक थांबली नाही. तिच्या डोक्यातून धूर यायला लागला, ब्रेक जळत होता. पात्यांच्या टोकांना आणखी एक सोय होती, वेग वाढला की टोकं आपोआप आडवी वळून वारा अडवतात. दोन वळली, तिसरं वळलं नाही.

शेजारच्या मशीनवर दोन रंगारी दोरांवर लटकलेले होते, बरोबर त्या पात्यांच्या रेषेत. त्यांना उतरायला वेळ लागणार होता. येन्स मोकाट सुटलेल्या चक्कीच्या खांबाच्या दाराकडे पळाला. वर एक दांडा होता. हाताने फिरवला की सगळं डोकं वाऱ्यापासून बाजूला वळतं आणि पाती मंदावतात. एकट्याने तो फिरत नसे, दोघं लागत. तू माझ्याकडे वळलीस.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"गाडी घे आणि तिकडे वर जा. वाऱ्याच्या बाजूला थांब. पात्यांच्या रेषेत राहू नकोस, पातं तुटलं तर त्या रेषेतच जातं."

आणि गेलीस. मी वाऱ्याच्या बाजूला गेलो, अगदी सांगितलं तसं. थांबलोसुद्धा, दोन मिनिटं असेन. तो आवाज तुला वरून कसा ऐकू आला मला माहीत नाही. खालून तो असा होता, की कोणीतरी आकाशाचं कापड टराटरा फाडतंय. मग पात्याचा एक तुकडा सुटला, टेबलाएवढा, आणि रस्त्यापलीकडे जाऊन पडला. माझ्यापासून लांब. मला काही होणार नव्हतं. तरी मी गाडी सुरू केली.

मी तुला सांगितलं होतं की मी फोन करायला गेलो. सुनंदा, मी फोन करायला गेलो नाही. ऑफिसमध्ये फोन होता, ऑफिस रस्त्यावरच होतं, मी त्याच्यापाशी थांबलो नाही. मी खाली गावात उतरलो, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंग धरून बसलो. लोक दुधाचे कॅन घेऊन बाहेर येत होते. मी मनात अनघाला सांगायची वाक्यं जुळवत होतो. तू जिवंत होतीस, वर दांडा फिरवत होतीस, आणि मी तुझ्या मरणाची वाक्यं जुळवत होतो.

परत आलो तेव्हा चक्की बाजूला वळलेली होती, पाती सावकाश फिरत होती. रंगारी खाली बसून सिगरेट ओढत होते. तुझे तळहात सोलवटले होते. "फोन करायला गेलो होतो," मी म्हणालो. तू म्हणालीस, "बरं," आणि गाडीत बसलीस. घरी येऊन तू चहा केलास. हाताला पट्ट्या मी बांधल्या. पट्ट्या बांधण्यात तू फार हुशार आहेस, असं म्हणालीस.

ते तिसरं टोक का वळलं नाही, ते तूच शोधलंस. आतला सांधा आपल्या इथल्या धुळीने गच्च धरला होता. पिठासारखी बारीक धूळ. डेन्मार्कमध्ये अशी धूळ नसतेच, तिथल्या लोकांना सुचणार कसं? तू चित्र काढून पाठवलंस: सांध्याला रबरी झाकण हवं. झाकणं आली. तेव्हापासून एकही टोक अडकलं नाही. येन्स म्हणतो, आता तिकडच्या सगळ्या नव्या मशीनना ते झाकण असतं, समुद्राकाठच्या वाळूतही ती चालतात.

पुढच्या वसंतात चेर्नोबिल झालं. येन्स आपल्या स्वयंपाकघरात उभा राहून बहिणीला फोन करत होता. पाऊस पडलाय, मुलांना अंगणात सोडू का, पालेभाजी देऊ का, ती विचारत होती आणि तो सात समुद्रांपलीकडून काय सांगणार? फोन ठेवल्यावर त्याने तोंड धुतलं. तू माझ्याकडे बघितलंस. "आता सांग, कोणाचे दिवे?" असं काहीच म्हणाली नाहीस, नुसतं बघितलंस. मला फक्त एवढी भीती वाटली, की आता तू ही नोकरी कधीच सोडणार नाहीस.

तसंच झालं. सरकारी सवलत बंद झाली, इथले खरेदीदार पळाले, तिकडचा कारखाना बुडाला. तुझ्या टेलेक्सला उत्तर येईना. तरी तू भेगांची चित्रं पाठवतच राहिलीस. "कोण वाचतंय?" मी विचारलं. "कोणीतरी कारखाना पुन्हा उघडेल, तेव्हा हे लागेल," म्हणालीस. आणि कोणीतरी उघडला. गेल्या वर्षी नव्या मालकांचं पत्र आलं, तुझी सगळी चित्रं त्यांना फायलीत सापडली होती. नवी, मोठी मशीन आपल्या डोंगरावर चाचणीसाठी यायची ठरली. तू आनंदाने शिरा केलास.

त्या नव्या रांगेच्या पायाचे खड्डे खणायला लागले ऑक्टोबरात. तू रोज तिथे उभी. घरी यायचीस तेव्हा केसांतून माती गळायची. नोव्हेंबरात खोकला सुरू झाला.

मी फार्मसिस्ट आहे. दिवसभर काउंटरवर लोकांना विचारतो, खोकला किती दिवसांचा? दोन आठवड्यांच्या वर असेल तर डॉक्टरकडे जा. तुला मी पाच आठवडे सिरप दिलं. थंडी आहे, दमतेस, असं म्हणत राहिलो. ज्या माणसाला सगळ्याची भीती वाटते, त्याला नेमकी त्या खोकल्याची वाटली नाही. मी वर बघत होतो ना. सारखा शिडीकडे, पात्यांकडे. खाली मातीकडे माझं लक्षच गेलं नाही.

व्हॅली फीव्हर. इथल्या मातीत बुरशी असते, माती उकरली की धुळीबरोबर फुप्फुसात जाते. बहुतेकांना सर्दीसारखं होऊन जातं, काहींना कळतही नाही. थोड्यांच्या अंगात ती पसरते. तुझ्या मेंदूच्या आवरणापर्यंत गेली. बुरशीवरचं औषध सुरू केलं की तुला एवढी हुडहुडी भरायची की पलंगाच्या कड्या वाजायच्या, आणि मी तुझे पाय धरून बसायचो. ते औषध मी ओळखत होतो, त्याने काय काय होतं ते पाठ होतं मला. तेव्हा वाटलं, आपण काहीही शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

एकदा तुला जरा बरं वाटत होतं. तू विचारलंस, "खड्डे पुरे झाले का रे?"

"खड्डे गेले खड्ड्यात!" मी ओरडलो.

तू हसलीस. डोकं दुखत असतानाही हसलीस. तेव्हाच सांगणार होतो, की त्या दिवशी मी पळालो होतो. तोंड उघडलं. तू म्हणालीस, "पाणी दे," आणि मी पाणी दिलं. त्यानंतर तू पुन्हा तशी शुद्धीत आली नाहीस.

तेराव्याला येन्स आला. बाहेरच्या पायरीवर बसला, मी त्याच्याशेजारी. त्याला वाटलं मला ऐकून बरं वाटेल, म्हणून तो त्या दिवसाची गोष्ट सांगायला लागला. वर धूर कोंडला म्हणून तुम्ही वरचं झाकण उघडलंत. तू डोकं बाहेर काढून खाली बघितलंस आणि म्हणालीस, "माझा नवरा चाललाय." येन्स म्हणाला, ऑफिसला फोन करायला जात असेल. तू म्हणालीस, "ऑफिसपाशी थांबला नाही. गावाकडे गेला."

मी म्हटलं, "मग?"

"देन शी सेड, गुड. आता अनघाला एक जण तरी नक्की आहे. आणि मग तिने दांडा धरला, आणि माय गॉड, श्री, असा फिरवला की मला वाटलं तुटतो."

मी आत गेलो. नळ सोडून ठेवला, अनघाला आवाज जाऊ नये म्हणून. दोन वर्षं तुला माहीत होतं. दोन वर्षं मी खोटा फोन सांभाळत होतो आणि तू मला चहा देत होतीस. माफ केलं होतंस का मला? की माफ करण्यासारखं त्यात काही आहे असंच तुला वाटलं नव्हतं? मला विचारता येत नाही. लाज वाटते, आणि त्या लाजेखाली काहीतरी ऊबदार आहे, त्याला नाव देता येत नाही.

गेल्या आठवड्यात खोदकाम पुन्हा सुरू झालं. साइट मॅनेजर डग तुला ओळखतो. त्याच्या ऑफिसात मी चार वर्षांत पहिल्यांदा पाऊल टाकलं. त्याने उठून माझा हात धरला, फार चांगलं बोलला तुझ्याबद्दल. मी म्हटलं, खणायच्या आधी मातीवर पाणी मारा. माणसांना मास्क द्या. कोणी दोन आठवडे खोकला तर रक्त तपासा.

"श्री, माझ्या आजोबांनी इथे जन्मभर धूळ खाल्ली," तो म्हणाला.

मी तुझं चित्र नेलं होतं, सांध्याच्या झाकणाचं, घरात राहिलेली प्रत. ते त्याच्या टेबलावर ठेवलं. "धूळ आहे म्हणून मशीनला झाकण आलं," मी म्हटलं. "माणसांना काय आलं?"

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. तिसऱ्या दिवशीही आला.

आज आलेला नाही. फार्मसीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, आणि रांगेच्या शेवटी पिवळट धूळ उठलेली दिसतेय. खाली दहाबारा माणसं असतील, त्यांतली निम्मी विशीतली. मी वर गेलो तर तीच धूळ माझ्याही आत जाणार. अनघाला आता एकच जण आहे, हे मला तुझ्याइतकंच कळतं. दोन मास्क एकावर एक बांधलेत, उरलेली पेटी त्या माणसांसाठी गाडीत टाकलीय. अनघाला शाळेत फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "डॅड, आर यू स्केअर्ड?" मी हो म्हटलं. "ओके," ती म्हणाली, "देन ड्राइव्ह स्लो."

तरी निघालोय. येतो, सुनंदा.